दोन तारांचा पीळ

“सायरन लावला की काय होतं म्हनलास?”

“गाडी मुकी होते, उस्ताद.”

“मुकी म्हंजे?”

“आतली डबडी एकमेकांशी बोलायची थांबतात. मीटर मरतो, गिअर अडकतो, इंजिन दम सोडतं. सायरन बंद केला की पुन्हा सगळं सुरळीत.”

तासगावच्या जुन्या स्टँडमागं बाबालाल मुजावरांची पत्र्याची शेड आहे. पन्नास वर्षं त्यांनी तिथं गाड्यांचं वायरिंग केलं. समोर उभा असलेला सुकुमार चौगुले याच शेडमध्ये सात वर्षं शिकला आणि अकरा वर्षांपूर्वी निघून गेला. आता सांगलीला त्याचं काचेच्या ऑफिसचं गॅरेज आहे. जाताना चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला होता, “उस्ताद, टेस्टिंग बल्बनं वायर तपासायचे दिवस गेले. तुमचेही.”

त्यानंतर आज आला. तोही अडला म्हणून.

दारात आणून लावलेली गाडी सुकुमारच्याच गावची ॲम्ब्युलन्स होती. दोनदा रस्त्यात बंद पडली. दुसऱ्या वेळी आत बाळंतपणाला निघालेली बाई होती. तिला जीपमध्ये हलवलं आणि मायलेकरं वाचली, पण त्यात सुकुमारची करामत काही नव्हती. आता गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ठणकावून सांगितलं होतं, आज संध्याकाळपर्यंत गाडी धड झाली नाही तर मी तिच्यात पेशंट घालणार नाही. पंचक्रोशीत दुसरी ॲम्ब्युलन्स नव्हती.

“बस,” उस्ताद म्हणाले. “च्या घे. डबडी बोलत्यात म्हंजे काय, ते सांग मला.”

सुकुमारला सांगायला आवडायचंच. इंजिनाचा एक छोटा कॉम्प्युटर, ब्रेकचा एक, गिअरचा एक, मीटरचा एक. पूर्वी प्रत्येक दिव्याला वेगळी वायर लागायची. आता ही सगळी डबडी मिळून दोन तारांवर बोलतात. एक बोलतो, बाकीचे ऐकतात.

“आन् दोघं एकदम बोलाय लागले तर?”

“ज्याचं काम जास्त महत्त्वाचं, तो बोलत राहतो. दुसरा आपणहून थांबतो. पहिल्याचं झालं की मग बोलतो.”

“भांडत न्हाईत?”

“नाही.”

“आपल्यापरीस शाणी हैत म्हनायची.”

सुकुमारनं चहाच्या कपात तोंड घातलं.

“मी दोन डबडी बदलली, उस्ताद. स्कॅनर एकच सांगतो, संपर्क तुटला. कुणाचा कुणाशी, ते रोज वेगळं.”

“हे कवापासनं?”

“उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं. ते मी जोडलं. त्यानंतर...”

“तिथं बघितलंस?”

“तिथं काय बघायचं? ते तर मी स्वतः केलंय.”

उस्ताद उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, दोन टप्प्यांत. एके काळी हा माणूस ट्रकखाली सरपटत जायचा आणि तोंडात टॉर्च धरून शिव्या द्यायचा. शेडमध्ये डाग द्यायच्या राळेचा तोच वास होता. खिळ्याला तीच जुनी पक्कड टांगलेली होती. त्याच पक्कडीचा फटका त्यानं पहिलं वर्षभर बोटांवर खाल्ला होता.

त्या शेडची रीतच होती. नव्या पोराला पहिले सहा महिने हातात पाना मिळायचा नाही. भंगारातल्या वायरींचा गुंता पुढं टाकला जायचा. सोडव, सरळ कर, एकाशेजारी एक लाव. कुठं पीळ राहिला की बोटांवर पक्कड. बाबालाल उस्तादांचं वायरिंग लोक बॉनेट उघडून नुसतं बघायला यायचे, आणि ते बघण्यासारखंच असायचं.

सुकुमारनं डॅशबोर्डखालचं कव्हर काढलं. टेप सोडली.

उस्ताद वाकले. चष्मा वर सरकवला. दीड हात लांबीच्या, कंगव्यानं विंचरल्यासारख्या सरळ वायरी. कथलाचे डाग बारीक, टेप एकसारखी. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

“लई देखणं झालंय.”

“तुमचंच शिक्षण,” सुकुमार म्हणाला. आल्यापासून त्याचा चेहरा पहिल्यांदाच खुलला.

“ह्या दोन, हिरवी आन् पिवळी. ह्यांच्यावरच बोलत्यात न्हवं?”

“हो.”

“आन् शेजारनं ही जाडी?”

“सायरनची.”

उस्तादांचं बोट मागं गेलं, जिथं कंपनीची मूळ वायर सुरू होत होती. तिथं हिरवी आणि पिवळी एकमेकींना पिळून चालल्या होत्या. बोट पुढं गेलं. पलीकडच्या टोकालाही तसंच.

“पिळून घातली तर वायर जास्त लागती. कंपनीवाल्याला वायर फुकट मिळती व्हय?”

सुकुमारला नव्या गाड्यांच्या कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं. तारा एकमेकींना पिळलेल्या असल्या की शेजारच्या वायरीतल्या विजेचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, आणि सारखा पडला की वजा होतो. त्यानं ते लिहून घेतलं होतं. परीक्षेत मार्कही मिळवले होते. पण वायर हातात आली तेव्हा हातांनी उस्तादांचंच ऐकलं.

“मी सरळ केल्या...” तो म्हणाला. “तुम्ही...”

“व्हय. मीच शिकीवलं.”



मग उस्तादांनी कपाटातून दोन नव्या वायरी काढल्या. वयानं त्यांची बोटं आता आखडली होती. दोन्हींची टोकं त्यांनी एकत्र चिमटीत धरली आणि दुसरी टोकं सुकुमारसमोर केली.

“धर. एकट्याचं काम न्हाई हे.”

उस्तादांनी आपलं टोक घट्ट धरून ठेवलं. सुकुमार पिळत गेला. ज्याच्यापायी वर्षभर फटके खाल्ले, तो पीळ तो त्यांच्याच समोर घालत होता. एकदा त्यानं वर पाहिलं. उस्ताद वायरीकडं बघत होते.

डाग सुकुमारनं दिला. सायरनची जाड वायर त्यानं दुसरीकडून नेली. टेप उस्तादांनी गुंडाळली, वाकडीतिकडी.

इंजिन सुरू झालं. सुकुमारनं सायरनचं बटण दाबलं.

शेडचे पत्रे थरारले. समोरच्या रसवंतीवाल्यानं कानांवर हात ठेवले. मीटरचा काटा खाली पडला नाही. एक मिनिट झालं. पाच झाली. गाडी बोलत राहिली.

त्या कानठळ्यांतच सुकुमार उस्तादांच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यांच्याकडं न बघता, खालच्या आवाजात तो काहीतरी बोलला. चार-पाच शब्द असतील. अकरा वर्षं ते त्याच्या घशात बसले होते, आणि या गोंगाटात ते कुणाला ऐकू येणार नाहीत याची त्याला खात्री होती.

उस्तादांनी हातानं खूण केली. बंद कर.

शेडमध्ये एकदम शांतता झाली. गाडी तेवढी गुरगुरत होती.

“काही म्हनलास?”

“नाही... काही नाही, उस्ताद.”

उस्तादांनी खिळ्यावरची जुनी पक्कड काढली, फडक्यानं पुसली आणि त्याच्या हातात ठेवली.

“सायरन चालू असला तरी आता पोचतंय, सुकुमार.”