तीन बोटं, एकच जागा

जिल्हा रुग्णालयाचा स्लॅब दुसऱ्या दिवशी टाकायचा होता, आणि नवी इंजिनिअर हेमलता शिरगुप्पे मुख्य अभियंते घारपुरे साहेबांना म्हणाली, "साहेब, थांबा. इमारतीच्या संगणकावरच्या थ्रीडी मॉडेलमध्ये ऑपरेशन थिएटरच्या डोक्यावर घोळ दिसतोय."

घारपुरे साहेब गरजले, "अगं पोरी, उभा जन्म मी इमारती डोक्यात घेऊन फिरलो. तुझा व्हिडिओ गेम मला शिकवणार? घोळ दाखव, नाहीतर उद्यापासून घरी बस!"

स्लॅबबरोबर बीम एकदा ओतला की त्याला मनासारखं भोक पाडता येत नाही, हे हेमलताला पक्कं ठाऊक होतं. तिने एसीवाला, विजेवाला आणि ऑक्सिजनवाला अशा तिघांना परांचीवर चढवलं. "आपापल्या नकाशाप्रमाणे तुमची लाइन बीममधून जिथून जाणार, तिथे बीमच्या साच्यावर बोट ठेवा. एकदम!"

तिन्ही बोटं एकमेकांवर आपटली.

"ए, ही माझी जागा!" तिघेही ओरडले.

साहेब चरफडले. "आणि उद्या तुझं मॉडेलच चुकलं तर?"

"चुकेल की, साहेब! पण ती चूक सगळ्यांना दिसेल. तुमच्या डोक्यातली बघायला आम्ही शिरायचं कुठून?"

परांचीवर हशा पिकला. साहेबांनी तिच्या हातातला टॅब घेतला. अजून न बांधलेल्या थिएटरमधून ते बोटाने हिंडू लागले. भिंतीआडची नळी न् नळी लखलखत होती. साहेबांचा आ वासलेलाच राहिला.

टॅब तिच्यापुढे धरून ते हळूच म्हणाले, "स्लॅब पुढे ढकला. आणि बाई, मला जरा वरच्या मजल्यावर न्या."