चंदनाची उटी

कोरेवाडीत मुरलीधराच्या देवळाचे आणि शाळेचे अध्यक्ष एकच, अप्पासाहेब. माणूस लोण्यासारखा, पण वादात हरणं त्यांना ठाऊक नव्हतं.

शिवरात्र होऊन गेली आणि भूगोल शिकवणाऱ्या वत्सलाबाई देवळापुढं भरलेल्या शाळेच्या सभेत उभ्या राहिल्या. "उन्हाळा आता लवकर येतो. दुपारच्या वर्गात पोरांना घेरी येते. पाडव्याची वाट न पाहता शाळा आत्ताच सकाळची करा." पुराव्याला त्यांनी शाळेच्या थर्मामीटरच्या वीस वर्षांच्या नोंदी पुढे ठेवल्या.

अप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "बाई, हा थर्मामीटर पूर्वी चिंचेखाली होता. आता पत्र्याच्या शेडला टेकलाय. हवा तीच आहे, जागा बदलली!"

सभा हसली. बाईही हसल्या. "मुद्दा बरोबर आहे," म्हणत त्या खाली बसल्या आणि बसता बसता त्यांनी विचारलं, "अप्पा, देवाला गारव्यासाठी चंदनाची उटी यंदा कधी लावली हो?"

देवाचं नाव निघताच अप्पासाहेब विरघळले. "लावली की शिवरात्रीलाच! पूर्वी पाडव्याला लावायचो. पण हल्ली गाभाऱ्यात फार उकडतं. माझ्या देवाला सोसवत नाही, म्हणून दरवर्षी थोडी थोडी आधी लावत आलो."

"थर्मामीटर हलला, अप्पा," बाई हळूच म्हणाल्या, "पण तुमचा देव कुठं हलला?"

अप्पासाहेबांनी बाईंकडे पाहिलं, मग कळसाकडे, आणि हात जोडले.

"शाळा उद्यापासून सकाळची! साक्षीला साक्षात मुरलीधर आणलात, आता मी अपील कुणाकडं करू?"