साळवटचा न भरणारा खड्डा

साळवट गावात शिरलं की नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर एकच एक दगडी भिंत उभी दिसते. वर छप्पर नाही, बाजूला दुसरी भिंत नाही. तिच्यात सागवानी खुंट्यांच्या ओळी आहेत आणि एकाही खुंटीवर काही टांगलेलं नाही. वाटेच्या पलीकडे, बरोबर समोर, माणूस काठावर बसून पाय आत सोडील एवढा एक खड्डा आहे. दर पाडव्याला गावातल्या प्रत्येक घरची पाटीभर माती त्यात पडते. खड्डा काठोकाठ भरतो, लोक पायांनी माती दाबून घेतात, आणि पावसाळा यायच्या आत तो होता तसा खोल होतो.

पाहुणे म्हणतात, खाली पाझर असेल, घुशी लागल्या असतील. गावातले म्हातारे त्र्यंबकबाबा लकारे सगळं ऐकून घेतात. "असंल बी," एवढंच म्हणतात आणि पाहुण्यांना भिंतीच्या सावलीत बसवतात. मग ते सांगतात ती हकिकत अशी.

साळवट त्या काळी साळ्यांचं, म्हणजे विणकरांचं गाव होतं. घरोघरी माग, आणि प्रत्येक मागाखाली पाय सोडून बसायचा खड्डा. ही भिंत गावाच्या पेढीची. आज आपण बँक म्हणतो तसलीच, पण सावकाराची नव्हे. आठवडी बाजारातून परतताना प्रत्येक साळी आपल्या कमाईतला वाटा पेढीत टाकायचा. ज्यांचे हात थकले त्यांची म्हातारपणाची भाकरीही तिथंच ठेवलेली असायची. रेशमाला, जरीला ज्याला नड असेल त्यानं तिथून कर्ज उचलावं आणि कापड विकलं की परत करावं, अशी रीत.

कर्जाला जामीन लागे, आणि जामीन राहायचं म्हणजे आपला धोटा पेढीच्या खुंटीवर टांगायचा. धोटा म्हणजे आडवा धागा पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारं लाकूड. साळ्याचा तो तिसरा हातच. कर्ज फिटलं की धोटा गुळाच्या खड्यासह परत मिळायचा. नाही फिटलं, तर चारचौघांदेखत जामिनाच्या मागाचा खड्डा मातीनं बुजवायचा आणि त्या घरात पुन्हा माग लागायचा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणा हवं तर. पण या धाकानं कितीक पिढ्यांत एकही खड्डा बुजवावा लागला नव्हता, म्हणे. कर्ज घेणारा पेढीच्या पंचांना भीत नसे, शेजाऱ्याच्या खड्ड्याला भीत असे.

पेढीसमोर भिवरा राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, पण तिच्या हातच्या पदरावरचा मोर पाहायला परगावचे व्यापारी थांबत. तिच्या नवऱ्याचा जिवाभावाचा मित्र मल्हारजी टेके, गावातला सगळ्यांत मोठा साळी. एका सरदाराच्या घरच्या लग्नाचे सगळे शेले, सगळ्या पैठण्या विणायचं काम त्याला मिळालं. त्यासाठी त्यानं पेढीकडे आजवर कुणी मागितलं नव्हतं एवढं कर्ज मागितलं. एवढ्या मोठ्या रकमेला धोटा टांगायला कुणी पुढं होईना. मल्हारजी मान खाली घालून उभा होता. नवऱ्याच्या तिरडीला याच माणसानं खांदा दिला होता, हे भिवरेला आठवलं आणि तिला राहवलं नाही.

"भाऊजी, मान कशाला खाली घालता? मी आहे ना," ती म्हणाली आणि घरातून आपला धोटा आणून तिनं खुंटीवर टांगला.

लग्न झालं. सरदारानं पैसे चुकते केले, वर पागोटं दिलं. मल्हारजीनं दुमजली घर बांधलं. मुदत भरली तशी पंचांनी आठवण केली. तेव्हा तो पेढीच्या पायरीवर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पेढी कुणाची? समद्यांची. मग माझी बी हाय. माझंच मी घेतलं, त्यात बुडवलं काय?"

खरं तर याचं उत्तर तिथंच पायरीवर बसलं होतं. सोनाई नावाची रेशीम उकलणारी म्हातारी होती. जन्मभराची मिळकत पेढीत ठेवून ती आता दर बाजाराला तिथून आठवड्याच्या पीठमीठापुरता पैसा नेई. मल्हारजी तिला वळसा घालून पायरी उतरला.

भिवरा त्याच्या मागोमाग गेली. "भाऊजी, माझा धोटा टांगलाय तिथं."

"वहिनी, तुमच्या मागाला कोण हात लावतंय?" तो हसून म्हणाला. "एकली बाई तुमी. पंच सोडतील तुमाला."

आणि झालं तसंच. पंचांत गणोबा भंडारे सगळ्यांत वडील. पाटी-फावडं घेऊन तो भिवरेच्या दारात आला, मागावर अर्धवट विणलेला मोर पाहिला, आणि फावडं टेकून उभा राहिला. "या बाईचा माग बुजवून मी कंचं पुण्य जोडणार?" असं म्हणून तो परत फिरला. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. बायकांनी गणोबाला ओवाळलं. भिवराही त्या दिवशी आनंदानं रडली.

हीच ती चूक, असं त्र्यंबकबाबा म्हणतात. चूक दयेची होती, पण म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. पुढच्या मुदतीला दुसरा कर्जदार म्हणाला, "भिवरावैनीचा खड्डा बुजला न्हाई, तर माझ्या जामिनाचा कसा बुजवाल?" तिसऱ्यानं तेवढंही बोलायची तसदी घेतली नाही. ज्यांच्या घरात पैसे होते तेही म्हणू लागले, आपणच तेवढे खुळे का? ज्याला त्याला पटलं, की सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. खुंट्यांवर धोटे तसेच लटकत राहिले आणि पेढीची कोठडी रिकामी झाली.

एका बाजाराच्या दिवशी सोनाई नेहमीसारखी आली. गणोबानं कोठडीचं दार उघडून तिला आत दाखवलं. म्हातारी भांडली नाही. पदराची रिकामी गाठ तिनं पुन्हा मारली आणि पायरीवर जाऊन बसली. भिवरा समोरून पाहत होती. आपल्याला मिळालेल्या दयेची किंमत कोण देतंय ते तिला त्या क्षणी कळलं, आणि आपला माग तिला विषासारखा वाटू लागला.

तिनं विणलेला अर्धा पदर कापून काढला. पाटी घेतली आणि भर बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, नदीवरून माती आणून आपला खड्डा बुजवायला सुरुवात केली. नियम आपल्यापासून मोडला, तर आपल्यापासूनच तो पुन्हा उभा राहील, ही एकच आशा तिला होती. हे पाहून तरी कुणाला लाज वाटेल, एक जण तरी कोठडीत पैसा टाकील, मग दुसरा टाकील. लग्न होऊन आल्यापासून ज्या खड्ड्यात तिचे पाय होते, तो तिनं आपल्या पायांनी तुडवून सपाट केला.

मल्हारजीनं माडीवरून हाक मारली. "वहिनी, असा येडेपणा करू नका. मी नवा माग घेऊन देतो तुमाला."

"मला माग नको, भाऊजी. पेढीचं पेढीला द्या."

तो आत गेला. बाजार पांगला. कोठडीत एक पैसाही पडला नाही. दुसऱ्या दिवशी भिवरा उठून पाहते तो माती हातभर खचलेली. तिनं पुन्हा भरली, ती पुन्हा खचली. देणं एकाचं आणि माती दुसरीची, ती जमिनीनं स्वीकारली नाही, असं सांगतात.

पुढं रेशमाचा भाव चढला. पेढी नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून रेशीम नाही. एकेक माग बंद पडला. सोनाई त्याच पायरीवर बसल्या बसल्या गेली. साळी घरं सोडून दूरदूरच्या पेठांना मजुरीला निघाले. जाताना आपापले धोटे काढून घ्यायला आले, तर कुणालाच दुसऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना. भिवरेचा धोटा तेवढा खुंटीवर राहिला, वाळवीनं खाल्ला तोवर.

मल्हारजीचं काय झालं, असं पाहुणे इथं हटकून विचारतात. त्याला साप चावला असेल, घर जळलं असेल, अशी त्यांची अपेक्षा असते. पण तसं कुणी सांगत नाही. तो परमुलखात गेला, तिथं त्याची भरभराट झाली, आणि भरल्या घरात, मुलानातवंडांच्या मांडीवर त्यानं डोळे मिटले. देवानंही कानांवर हात ठेवले होते, म्हणे.

भिवरा एकटी मागं राहिली. रोज एक पाटी माती टाकायची. एका पाडव्याला ती खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसलेली सापडली, माग असता तर बसली असती तशी. गणोबानं तिच्या तोंडाशी पाणी नेलं आणि सवयीनं म्हणाला, "घाबरू नको पोरी, मी आहे ना."

तिनं त्याचा हात बाजूला सारला. "ते नगा म्हनू," एवढंच ती बोलली आणि गेली.

तिच्यासाठी म्हणून उरलेल्या चार घरांनी त्या दिवशी माती टाकली, ती रीत अजून चालू आहे. मध्यंतरी गावात एका बँकेची शाखाही आली होती. लोक नमस्कार करून जात, चहा पीत, पण जामिनाच्या जागी सही करायला एक माणूस मिळाला नाही. शाखा उठून गेली.

आजही साळवटमध्ये कुणी अडलं तर शेजारी धावून येतात, दवाखान्यात उशाशी बसतात, खांदाही देतात. फक्त ते तीन शब्द कुणी उच्चारत नाही. लेक सासरी जाताना बाप तिच्या पाठीवरून हात फिरवतो आणि गप्प राहतो. अंधाराला भ्यालेलं पोर आईला बिलगून विचारतं, "आई, तू आहेस ना?" आई त्याला घट्ट धरते, आणि उत्तर देत नाही.