तीनदा खाली, एकदा उजवीकडे

"पण आबांनी मला एकदा तरी विचारायचं ना, माई?"

मठ सांभाळणाऱ्या माई भिजवलेले वाल सोलत होत्या. चिमटीत दाणा धरायचा, दाबायचा, डाळिंबी परातीत पडायची.

"काय विचारायचं?"

"कुठलं बटण दाबायचं ते. मी घरातच होतो. पलीकडच्या खोलीत."

माईंनी पुढचा दाणा चिमटीत धरला.

पराग घरत मठाच्या ओटीवर बसला होता. वडिलांना घरी न्यायला आला होता. तीन आठवड्यांपूर्वी आबा कुणाला न सांगता घरातून निघाले आणि खाडीकाठच्या या लहानशा मठात येऊन राहिले. आता ते पंधरा-वीस पावलांवर, धक्क्याच्या कडेला बसले होते. मुलगा आलेला त्यांनी पाहिला होता. उठले मात्र नव्हते.

"माझ्यावर रागावलेत का?"

"नाही."

"मग?"

"आधी तू सांग. घरात काय झालं?"

परागची आई धवलारीण होती. आसपासच्या गावांत तिने धवले गायल्याशिवाय लग्न लागत नसे. ती गेली तेव्हा तिच्या आवाजाच्या अकरा कॅसेटी मागे राहिल्या. परागने त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि तिथलंच गाणं वाजवणारी एक छोटी पेटी टीव्हीला जोडली. रिमोट दाबला की टीव्हीवर आईचा फोटो यायचा, आणि आई गायची.

"बाजारात तयार पेटी मिळते," पराग म्हणाला. "चार बटणं. कुणालाही जमेल. पण ती कंपनीच्या मर्जीने चालते. उद्या त्यांनी बंद केली की बंद. मी घरी बसवलं ते सॉफ्टवेअर खुलं आहे, माई. कुणाच्या मालकीचं नाही. जगभरातल्या लोकांनी फुकट लिहून दिलंय. थोडं मीही लिहिलंय. त्यात सगळं बदलता येतं."

"सगळं?"

"रंग, अक्षरं, यादी. कुठल्या बटणाने काय व्हावं, तेसुद्धा."

"मग आबांनी काय काय बदललं?"

"आबा कशाला बदलतील? ते मी बघायचो. दर रविवारी काहीतरी सुधारायचो."

"दर रविवारी."

"आधीपेक्षा चांगलंच व्हायचं."

"आबा गाणं कसं लावायचे?"

पराग जरासा हसला. "पाठ केलं होतं त्यांनी. तीनदा खाली, एकदा उजवीकडे, मग मधलं बटण. पडद्यावरचं वाचायचेच नाहीत. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला लाइनमन, आणि रिमोटला घाबरतो."

"वाचायचे का नाहीत?"

"इंग्रजी होतं."

"मराठी नाही त्यात?"

"आहे. बेचाळीस भाषा आहेत."

"काही अडलं तर मला शोधायला इंग्रजी सोपं पडतं," पराग हळू आवाजात म्हणाला.

"असं. सोपं."

वाल सोलले जात होते.

"मग?"

"मग एका रविवारी मी यादीचा क्रम बदलला. तीनदा खाली, एकदा उजवीकडे... तिथे आता दुसरंच काही होतं."

"काय होतं?"

"पुसून टाका."

माईंचा हात थांबला.

"नुसतं दाबल्यावर पुसलं जात नाही, माई. ते विचारतं. नक्की का, म्हणून विचारतं. त्यांनी हो म्हटलं."

"इंग्रजीत विचारलं?"

"...हो."

"आणि त्या कॅसेटी?"

"उतरवून झाल्यावर भंगारात दिल्या. बुरशी धरली होती."

"दुसरी प्रत ठेवली असशील."

"ठेवली होती. दुसऱ्या डिस्कवर. पण ती अशी जोडली होती, की इथे जे होईल तेच तिथे आपोआप व्हावं. मला रोज हाताने काही करायला नको, म्हणून."

"म्हणजे तिथलीही..."

"त्याच दिवशी. मला आठ दिवसांनी कळलं. महिनाभर शोधत बसलो, माई. रात्री-अपरात्री. दोन तुकडे हाती लागले. एकात आई खोकतेय. एकात तिला कुणीतरी पाणी देतंय."

खाडीकडून वारा येत होता. इकडचं बोलणं धक्क्यापर्यंत जात नव्हतं.

"त्यांना ठाऊक नाही," पराग म्हणाला. "गाणं सापडत नाही, एवढंच वाटतंय त्यांना. ते मी सांगणारच नाही. आता मी सगळं काढून टाकलंय. एकच मोठं बटण ठेवलंय पडद्यावर, मराठीत. अगदी कुणालाही जमेल."

"दाबलं की काय लागतं?"

परागने धक्क्याकडे पाहिलं.

"त्यांच्या हाताकडे बघ," माई म्हणाल्या.

आबांचा उजवा हात गुडघ्यावर होता. अंगठा हलत होता. एकदा खाली. पुन्हा खाली. पुन्हा खाली. मग उजवीकडे. मग जरा थांबून त्यांनी तो गुडघ्यावर दाबला.

आणि पहिल्यापासून.

"आले त्या दिवशी मला वाटलं, जप करतायत," माई म्हणाल्या. "चाळीस वर्षं नाम घेतेय मी. माझा अंगठा एवढा एकाग्र नाही."

पराग बघत राहिला.

"त्यांना ठाऊक आहे, पराग."

"काय ठाऊक आहे?"

"मला म्हणाले, 'माई, मी तिला पुसली. माझ्या हाताने. पोर रात्र-रात्र शोधत बसलं, तेव्हा कळलं मला. त्याला सांगू नका, लय मेहनत घेतली होती त्याने.' तुला तोंड कसं दाखवायचं म्हणून इथे आलेत ते."

"पण त्यांची चूक नव्हती ती," पराग म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदाच तो असं म्हणाला होता. "क्रम मी बदलला. मराठी मी लावलं नाही. प्रत मी तशी जोडली..."

"मला कशाला सांगतोस?"

पराग उठला. पायांत चपला न घालताच धक्क्याकडे गेला आणि वडिलांसमोर उकिडवा बसला.

माईंना ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. तो बोलत होता. हातांनी हवेत एक चौकोन काढला, शेजारी दुसरा, मग इकडून तिकडे बोट नेलं. वरून खाली यादी दाखवली. तिच्यातली एक ओळ उचलून दुसरीकडे ठेवली. छातीवर हात ठेवला. पुन्हा चौकोन काढले. आबा त्याच्या हातांकडे पाहत नव्हते. तोंडाकडे पाहत होते.

परातीतले वाल संपले.

पराग परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा थोडा सैलावला होता.

"सांगितलं, माई. सगळं सांगितलं. त्यांनी काहीच चुकवलं नाही, हे अगदी पहिल्यापासून समजावलं."

"मग?"

"कळलं त्यांना. मान हलवली त्यांनी."

माईंनी धक्क्याकडे पाहिलं. आबा पुन्हा पाण्याकडे वळले होते. अंगठा गुडघ्यावरून खाली सरकत होता.

"रिमोट समजावून हातात दिलास, त्या दिवशीही अशीच मान हलवली होती का रे?"