अर्धी टाकी पाणी

सन १९११, चैत्र महिना. घाटाखालच्या शेडमधला पंप बिघडला, तेव्हा दहा चाकांच्या दशरथ इंजिनाने सहा चाकांच्या सगुणेला आपल्या टाकीतलं अर्धं पाणी दिलं. तिचा बॉयलर वाचला, पण त्या दिवसापासून तिचे कान किटले.

"माझ्या पाण्यावर जगलीस, सगुणे!" तो रोज सगळ्या शेडसमोर ऐकवायचा.

वैशाखात त्याला लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी घेऊन घाट चढायचा होता. हलक्या अंगाने चढण सोपी जाईल, म्हणून त्याने टाकी अर्धीच भरली.

"दशरथराव, टाकी पूर्ण भरा. अंगात वजन असलं तरच चाकं रूळ धरतात."

"सहा चाकांची तू, मला शिकवतेस?"

"तुमच्या दहांतली ओढणारी चारच. बाकीची नुसती ओझं पेलतात. माझी सहाही ओढतात," सगुणा वैतागून म्हणाली. तो शिट्टी फुंकून निघाला.

अर्ध्या घाटात त्याची चाकं जागीच गरगरू लागली आणि गाडी मागे घसरू लागली. वऱ्हाडात आरडाओरडा झाला. सगुणा खालून धावली, शेवटच्या डब्याला टेकली आणि सगळी गाडी तिने माथ्यावर लोटली.

"सगुणे, तू नसतीस तर..."

"पुरे. अर्धी टाकी फिटली," ती म्हणाली आणि घाट उतरू लागली.