झोळीचं टोक

बाळगोपाळांनो आणि मोठ्यांनो, ही फार जुन्या काळातली गोष्ट. एका उंच कड्याच्या माथ्यावर मध काढणाऱ्यांचं गाव होतं. मधाची पोळी कड्याच्या पोटाला लागत. गडी जाड कापडाच्या झोळीत बसे, वरचे लोक दोर सोडत आणि झोळी हळूहळू खाली जाई. या झोळ्या गावची शिंपीण शिवायची.

शिंपिणीचा हात चालायचा तशीच जीभही. एका फिरत्या कारागिराकडून तिनं नवं यंत्र घेतलं होतं. ते कापडाची कड कापायचं आणि त्याच दमात ती दोऱ्यांनी गुंफून टाकायचं. फक्त शिवण संपली की दोऱ्यांची एक शेपटी लोंबत राही.

"ती शेपटी जाड सुईत ओव आणि टाक्यांखालून मागे घे. मग काप," सासू म्हणाली.

"तुमचं आपलं काहीतरीच, सासूबाई. एवढ्या टाक्यांपुढे त्या टोकाचं काय?" असं म्हणत शिंपिणीनं बोटभर ठेवून शेपटी कापली. घरोघरच्या झोळ्या तिनं अशाच झटपट हातावेगळ्या केल्या.

गावाची रीत अशी की, शिवणारीनं नव्या झोळीत आधी स्वतः बसून दाखवायचं. शिंपीण वडाच्या फांदीला झोळी बांधून बसली, चांगले झोके घेतले. एक टाकाही हलला नाही. तिनं सासूकडे नाक वर करून पाहिलं.

मोसमाचा पहिला दिवस उजाडला. कड्यावरून झोळ्या सुटल्या. एका झोळीत शिंपिणीचा नवरा होता. ती काठावर ओणवी होऊन कौतुकानं बघत होती.

तेवढ्यात एक पाखरू आलं. त्याला घरट्यासाठी काडी-दोरा हवा होता. नवऱ्याच्या झोळीचं, खडकाला घासून सैल झालेलं ते टोक त्यानं चोचीत धरलं आणि ओढलं. दोरा आला. आणखी ओढलं, आणखी आला. शेंग सोलावी तशी शिवण उलगडत गेली. बिचाऱ्या पाखराला काय ठाऊक, त्यानं काय धरलंय.

शिंपिणीच्या डोळ्यांदेखत झोळी फाकली आणि नवरा नुसत्या दोराला लोंबकळला. लोकांनी जीव खाऊन दोर ओढला. तो वर आला तेव्हा त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती.

त्यानं मूठ उघडली. आत उसवलेल्या दोऱ्याचा गुंता होता. "हे तुझं," एवढंच तो म्हणाला.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाकीच्या झोळ्याही तिनंच शिवल्या होत्या, आणि त्या अजून खाली होत्या, माणसांसकट. ती काठाकाठानं धावत सुटली.

"वर घ्या सगळ्यांना. माझ्या शिवणीवर विसंबू नका."

सगळे वर आले. एका झोळीची शिवण अर्धी उसवली होती. सासूनं फक्त जाड सुई सुनेच्या हातात दिली.

नवऱ्याचे हात बरे झाले, पण दोर धरण्याजोगे पुन्हा झाले नाहीत. गावाची रीत मात्र बदलली. आता झोळीत बसण्याआधी शिंपीण चारचौघांत शिवणीचं प्रत्येक टोक ओढून दाखवते.

तात्पर्य: शेवटचं टोक पक्कं केल्याशिवाय काम झालं असं म्हणू नये, कारण उसवायला सुरुवात तिथूनच होते.