नगारा वाजवणाऱ्याचा रोजा

दगडवळचा नगारा पाच कोसांवर ऐकू जातो. म्हणजे वारा पाठीमागून असला तर. वारा नसला की खालच्या मशिदीत पोचला तरी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं.

पाहुण्यांनो, हा बुरूज बघा. गाव आहे खळग्यात, पश्चिमेला टेकडी आडवी. दिवस मावळला की नाही, हे खालच्याला दिसत नाही. म्हणून रमजानात रोजा सोडायची वेळ या बुरुजावरून गुरव नगारा वाजवून सांगतो. आणि तो महिनाभर स्वतःही उपाशी असतो. का? त्याची गोष्ट अशी सांगतात.

फार मागे सटवाजी गुरव इथला मानकरी होता. माणूस गुणी, पण खोड्याळ. एका वर्षी, ऐन उन्हाळ्यात, पहिल्याच रोज्याला त्याला लहर आली. सूर्य चांगला हातभर वर असताना त्याने टिपऱ्या उचलल्या आणि नगारा बडवला. खाली सगळ्यांनी बिसमिल्ला करून खजूर तोंडात टाकले. एकटी हाजराबी अत्तार थांबली. पाण्याचा गडू ओठांशी नेलेला, पण नजर अंगणात. कोंबड्या अजून दाणे टिपत होत्या.

"अरे, कोंबड्या खुराड्यात गेल्या न्हाईत, आन् हा दिवस मावळवतोय!" असे म्हणून तिने गडू खाली ठेवला.

वर सटवाजी पोट धरून हसत होता. पण खाली कोणीच हसले नाही, तेव्हा त्याचे हसू आपोआप वाळले. साऱ्या मोहल्ल्याचा रोजा फुकट गेला होता. ईदनंतर तो पुन्हा धरावा लागणार होता. पंच बसले. गुरवाच्या घराण्याचा मान काढून घ्यायचा, असे ठरतच आले होते. तेवढ्यात हाजराबी म्हणाली, "त्याच्या टिपऱ्या काढू नका, त्याचं जेवान काढा. भरल्या पोटाला सांज काय कळतीया? उरलेले सगळे रोजे धरू दे. एक जरी सुटला, तर मग टिपऱ्या घ्या."

"हात्तिच्या! एवढंच ना, आत्या?" सटवाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कळले की एवढंच म्हणजे केवढं असतं. तिसऱ्या दिवशी त्याने विहिरीकडे बघायचे सोडले. रोज पहाटे हाजराबी स्वतः त्याच्या दारात सहरीची भाकरी ठेवून जाई, वर टोमणाही. "काय रं, आज नगारा दुपारीच वाजवायचा का?" सटवाजी भाकरी उचलून आत जाई. खोड्या काढायलाही अंगात ताकद लागते, पाहुण्यांनो.

शेवटच्या रोज्याला मात्र आभाळ फिरले. वळवाचे ढग आले आणि बघता बघता काळोख झाला. गाव बुरुजाखाली जमले. ओठ सुकलेले, लहान लेकरे रडवेली. हाजराबीने बुरुजाशेजारच्या आपल्या अंगणात पाहिले आणि हाक दिली, "वाजव रे सटवा! कोंबड्या बसल्या!"

सटवाजीची जीभ टाळ्याला चिकटली होती. टिपऱ्या हातात होत्या. एक ठोका, की त्याच्याही घोटभर पाण्याची सोय. पण त्याने मान हलवली. आणखी थोडे उपाशी राहिले तर कोणाचे काही जात नाही, आणि घाई केली तर सगळ्यांचा दिवस जातो. हे त्याला आता पोटाने शिकवले होते. खालून लोक ओरडत होते, पंच हात करत होते. तो टेकडीपलीकडच्या माळाकडे डोळे लावून उभा.

आणि म्हणे, ढग फाटला. माळाच्या कडेवर सूर्य लालबुंद, पुरता वीतभर वर! खुराड्यातल्या कोंबड्या ओशाळून पुन्हा अंगणात आल्या. गावाने अशी आरोळी ठोकली की टेकडीने ती दोनदा परत केली. मग सूर्य टेकला, बुडाला, आणि सटवाजीने नगारा असा घुमवला की त्या दिवशी तो खरेच पाच कोसांवर गेला असेल. पहिला खजूर हाजराबीने स्वतः पायऱ्या चढून त्याच्या तोंडात घातला. टिपऱ्या घराण्यात राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर रोजाही.

आजही रमजानात पहिला खजूर बुरुजावर जातो. आजही सांजेला अत्तारांच्या घरची सर्वांत म्हातारी बाई अंगणातून मुद्दाम हाळी देते, "वाजव रे गुरवा, कोंबड्या बसल्या!"

आणि वरून गुरव विचारतो, "त्यांनी रोजा धरलाय का, आत्या?"